गाडीच्या रंगावर सीलंट: बाटली उघडण्याआधी पाणी तपासा

मराठवाड्यात गाडीचा रंग मातीपेक्षा पाण्यानं जास्त खराब होतो. ऐकायला उलटं वाटेल, पण लातूर, बीड, जालना, कुठल्याही गावातली तीन-चार वर्षं वापरलेली काळी गाडी घ्या आणि तिचं बोनेट सकाळच्या उन्हात तिरकं बघा. पांढुरके गोल ठिपके दिसतील. ते धुळीचे नसतात. बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि पुसायच्या आत उन्हानं वाळवली, त्याचे ते डाग. त्यावर कोणी कोटिंग मारून दिलं तर डाग जात नाहीत, कोटिंगखाली मुक्कामाला राहतात.

पेंट सीलंट घरच्या घरी लावता येतं. एक सुट्टीचा दिवस, थोडी सावली आणि बऱ्यापैकी संयम एवढं पुरतं. मात्र बहुतेक लोक सगळा विचार बाटलीचा करतात: कुठल्या कंपनीची, किती महिने टिकणारी, कितीला. खरं काम बाटली उघडण्याआधी होतं, आणि आपल्याकडे तर ते पाणी आणि ऊन या दोन गोष्टींवर अडतं. (हार्डवेअरच्या दुकानात खिडक्यांच्या फटी बुजवायला मिळणारं सिलिकॉन सीलंट वेगळं. दुकानात ‘कार पेंट सीलंट’ असंच मागा.)

हे नेमकं काय असतं

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा नववा-दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची चकाकी म्हणजे हाच थर, आणि खालचा रंग उन्हानं उडू नये म्हणून अतिनील किरणं शोषणारी रसायनंही यातच असतात. हा थर एकदा झिजला की परत येत नाही. पॅनल पुन्हा रंगवावं लागतं.

सीलंट म्हणजे या क्लिअर कोटवर बसणारा कृत्रिम पॉलिमरचा थर. बाटलीत पॉलिमर, ते पातळ ठेवणारं द्रावक आणि थोडी इतर रसायनं असतात. रंगावर पसरलं की द्रावक उडून जातं आणि मागे एक मायक्रॉनपेक्षाही पातळ पापुद्रा उरतो. काम सारवणासारखं: झिजायचं ते यानं झिजायचं, खालची जमीन शाबूत राहायची, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा हात फिरवायचा. पाणी त्यावर पसरत नाही, धूळ घट्ट बसत नाही, पक्ष्याची विष्ठा पडली तर ती काढायला तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो. एवढंच. खडी उडून टवका गेला, कुणी किल्लीनं ओरखडा काढला, कोरड्या फडक्यानं रंग घासला, यातलं काहीही हा पापुद्रा अडवत नाही. तसं सांगणारा विक्रेता एकतर अडाणी असतो नाहीतर हुशार.

कार्नोबा मेणाचं पॉलिश आणि सीलंट यातला फरक आपल्या भागात महत्त्वाचा ठरतो. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मे महिन्यात नांदेड-परभणीत हवाच ४२-४३ अंशांवर जाते आणि भर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा टप ७० च्या पुढे तापतो. इतक्या उष्णतेत मेण मऊ पडतं, त्याला धूळ चिकटते आणि दीड-दोन महिन्यांत खेळ आटोपतो. मेणाची झळाळी दिसायला जरा ऊबदार असते हे खरं, पण टिकायचं म्हटलं तर सीलंटच. सिरॅमिक कोटिंग याहून कडक आणि टिकाऊ असतं, पण ते पहिल्यांदाच घरी करायच्या भानगडीत पडू नका. एकदा चुकीचं वाळलं की मशीननं घासूनच काढावं लागतं.

राहिलं ‘टेफ्लॉन कोटिंग’. नवी गाडी घेताना बिलात हळूच येऊन बसणारी ही ओळ. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हा पदार्थ १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघातानं सापडला. तो ३२७ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून न चिकटणाऱ्या तव्यावर त्याचा थर बसवताना तवा भट्टीत तापवावा लागतो. गाडीचं बोनेट कोणी तेवढं तापवत नाही. त्यामुळे त्या नावाखाली गाडीला जे लागतं ते बहुतेक वेळा साधं सीलंट किंवा पॉलिशच असतं. वाईट असतं असं नाही. पण बाटलीवर कशाचं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय जास्तीचे पैसे देऊ नका.

पाण्याचं गणित

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. पाऊस कमी, बोअर खोल, आणि पाणी खडकाच्या भेगांमध्ये बराच काळ थांबलेलं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. हीटरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, तेच हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) विरघळलेल्या घटकांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं पाणी रंगाला चालतंच असं नाही.

साधा हिशोब करा. तुमच्या बोअरचा टीडीएस १००० आहे आणि धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी थेंबांच्या रूपात राहिलं. ते वाळलं की पाव ग्रॅम क्षार रंगावर उरले, तेही सगळीकडे सारखे पसरून नव्हे, प्रत्येक थेंबाच्या कडेला कडं करून. तीन-चार वेळा असं झालं आणि वरून ऊन लागलं की क्षार क्लिअर कोटला धरतात, आणि पुढे खड्डा पाडतात.

आता गंमत अशी की सीलंट लावलेल्या गाडीवर हा त्रास कमी होत नाही, कधीकधी वाढतो. साध्या रंगावर पाणी पसरतं. सीलंटवर ते टपोऱ्या थेंबांत गोळा होतं. थेंब मोठा, क्षार एका जागी, डाग ठळक. त्यामुळे थेंब छान उभे राहिले म्हणून फोटो काढत बसू नका, पुसून घ्या.

पाणी तपासायला टीडीएस मीटर पुरतो. पेनासारखा असतो आणि दोन-चारशे रुपयांत मिळतो. ३०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ५०० च्या वर असेल तर धुवायला तेच पाणी वापरा, पण शेवटचा हात मऊ पाण्याचा द्या. हे मऊ पाणी आणायचं कुठून? एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, कारण ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं. पावसाळी दमट हवेत एका एसीखाली बादली सहज भरते. मेच्या कोरड्या हवेत मात्र फार मिळत नाही. दोन-चार सरी पडून गेल्यावर गच्चीवरून धरलेलं, कापडातून गाळलेलं पावसाचं पाणीही उत्तम. पुढे सांगितलेल्या व्हिनेगर-अल्कोहोलच्या मिसळणीसाठी लिटरभर लागतं तेव्हा गॅरेजमधून किंवा पेट्रोल पंपावरून बॅटरीचं पाणी आणा. ते डिस्टिल्ड असतं. फक्त मागताना पाणी मागा. शेजारच्याच कॅनमध्ये बॅटरीचं अ‍ॅसिड असू शकतं.

आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र गाडीला लावू नका. वाया जाऊ नये हा हेतू चांगला आहे, पण पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात ढकललेले असतात. मूळ पाण्याच्या दीडपट-दुप्पट टीडीएस सहज निघतो. त्यानं फरशी पुसा.

टंचाईच्या दिवसांत गाडी धुवायची की नाही हा प्रश्नही आपल्याकडे खोटा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाइपनं गाडी धुवायची तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर जातात. यावर चांगला उपाय म्हणजे ‘रिन्सलेस वॉश’ द्रावण. १० लिटर मऊ पाण्यात साधारण ४० मिली, आठ-दहा मायक्रोफायबर फडकी त्यात भिजवायची, एका फडक्यानं एक पॅनल पुसून ते फडकं बाजूला टाकायचं, मागून कोरड्या फडक्यानं टिपायचं. वरून पाणी ओतायचं नसतं. हलक्या धुळीला हे पुरेसं आहे. चाकाच्या कमानीपर्यंत काळ्या मातीचा चिखल बसला असेल तर नाही.

सीलंटआधीची तयारी

पहिली गोष्ट, काळ्या मातीचा वाळलेला चिखल घासायचा नाही, भिजवायचा. ही माती भिजली की फुगते आणि आपोआप सुटी होते; पाच मिनिटं थांबलं तर निम्मी पाण्यानंच वाहून जाते. त्यात रस्त्याकडेच्या क्रशरची बारीक कच मिसळलेली असते आणि बेसाल्टची कच क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी ‘झटकण्याची’ सवय म्हणजे हीच कच रंगावर ओढणं. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात त्या तिच्या.

दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही असा) शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मग पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं: टप, काचा, बोनेट, डिकी, दरवाजे, सगळ्यात शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग. चाकांचं फडकं वेगळं. कपड्यांची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते, रबर-प्लॅस्टिक पांढरं पाडते आणि पुढे सीलंटही लवकर उतरवते. ऊन असेल तर अर्धी गाडी धुऊन पुसा, मग उरलेली.

डांबराचे शिंतोडे दरवाज्यांच्या खालच्या बाजूला आणि मागच्या चाकांच्या मागे असतात. टार रिमूव्हर नसेल तर कापसावर थोडं रॉकेल घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट धरलं तरी डांबर सुटतं, पण रॉकेलची तेलकट साय मागे राहते. ती जागा पुन्हा शाम्पूनं धुवायची. काही वॉशिंग सेंटरवर शेवटी चमक यावी म्हणून गाडीला डिझेलचा हात मारतात. अशा गाडीवर सीलंट बसत नाही, कारण त्याला धरायला रंगच मिळत नाही.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि जालन्याच्या लोकांनी तरी ती गाळू नये. स्टीलच्या रोलिंग मिल, रेल्वे आणि आपल्याच गाडीचे ब्रेक यांतून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, गरम रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतात ते हे. आयर्न रिमूव्हर फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ सुरू होतात. पाच मिनिटांच्या आत, वाळू न देता, भरपूर पाण्यानं धुवा. हातात मोजे घाला. कुजल्यासारखा वास येतो, तो रसायनाचाच. परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या आसपास राखेचे कण बसतात. ते लोखंडाचे नसल्यानं जांभळे होत नाहीत, पण काचेसारखे कठीण असतात, म्हणून तिथे धुताना पाणी हात राखून वापरू नका.

आता हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवर हळूच बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटलेला रंग पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलून घेणारी मळायच्या मातीसारखी वडी, हवा. १०० ग्रॅमच्या वडीतली अर्धीच घ्या, मळून तळहाताएवढी चपटी करा. रंग आणि क्ले यांच्यामध्ये कायम शाम्पूचं पाणी असलं पाहिजे. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, सरळ रेषेत, हाताचं वजन न टाकता. सुरुवातीला क्ले अडखळतो, आवाज येतो. मग एकदम सटकायला लागतो. ती जागा झाली. वडी घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडली तर कितीही जीव तुटला तरी फेकून द्या, एक खडा पुरतो. थंडीत वडी दगडासारखी होते, कोमट पाण्यात बुडवा. वर्षातून दोनदापेक्षा जास्त क्ले करू नका.

इथे थांबून एक निर्णय घ्यायचा. मोबाइलची बॅटरी पेटवून तिरकं बघा. पाण्याचे डाग किंवा रेघा असतील तर त्या आत्ता काढायच्या, नंतर नाही. ताज्या क्षारांवर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळून, फडकं भिजवून, थंड पॅनलवर एक-दोन मिनिटं ठेवा आणि धुवा. डाग गेला तर क्षार वरच होते. नाही गेला तर क्लिअर कोटला खड्डा पडलाय आणि तो पॉलिशनं घासूनच निघेल. मशीनच्या पॉलिशमध्ये एका वेळेला एक ते तीन मायक्रॉन क्लिअर कोट जातो, तेव्हा दर दिवाळीला गाडी ‘रबिंग’ला देणं म्हणजे मुद्दल खाणं आहे. फडक्याला गाडीचाच रंग लागायला लागला तर घाबरू नका पण थांबा: काही जुन्या, एकरंगी गाड्यांना क्लिअर कोट नसतोच. फडक्याला येतोय तो रंगच.

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. केमिकलच्या दुकानातून घेतलेलं ९९ टक्क्यांचं १५० ते २०० मिली, त्यात डिस्टिल्ड पाणी घालून एक लिटर करा. स्प्रेनं फडक्यावर घ्या आणि एकेक पॅनल पुसा. क्लेचं पाणी, पॉलिशचं तेल, जुन्या मेणाचा अंश यानं निघतो. थिनर किंवा पेट्रोल नको, सॅनिटायझरही नको. त्यात ग्लिसरीन असतं, म्हणजे तेल काढायला जाऊन चिकट थर लावल्यासारखं होतं. अल्कोहोल पेट घेतं. बिडी-सिगारेट लांब.

लावताना

पत्र्याचं तापमान १५ ते ३० अंशांत हवं. थर्मामीटर लागत नाही. हाताची मागची बाजू बोनेटवर पाच सेकंद टेकवा, कोमटही लागता कामा नये. मार्च ते मे या काळात याचा अर्थ सकाळी सहा ते साडेआठ, तेही गाडी रात्रभर सावलीत असेल तर. पत्र्याचं शेड टाळा, खाली भट्टी असते. लिंबाची सावली थंड खरी, पण पानं, काड्या आणि जूनमध्ये लिंबोळ्या पडत राहतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावटळीचा भरवसा नाही. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि गाडीवर दव असतं, तेव्हा घाई न करता अकराच्या सुमारास सावलीत सुरू करा.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दरवाज्यांचे रबर आणि लोगोच्या कडा मास्किंग टेपनं झाका. दहा मिनिटांचं काम आहे. नंतर रबराच्या खाचेतून पांढरी भुकटी काढत बसण्यापेक्षा बरं.

बोनेटच्या डाव्या अर्ध्यापासून सुरू करा. फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर चार-पाच थेंब घेऊन आधी फोममध्येच मुरवा, कोरडा फोम सीलंट गिळतो आणि ठिपके पाडतो. मग वाटाण्याएवढे दोन थेंब. उभे पट्टे मारा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवा, मग त्यावर आडवे. दाब नको. बरोबर लागलंय हे ओळखायची खूण म्हणजे काचेवर फुंकर मारल्यावर येते तेवढीच धूसर साय दिसते. पांढरे ओघळ दिसले तर जास्त झालं. छोट्या हॅचबॅकला सगळी मिळून २० ते २५ मिली पुरतात, मोठ्या एसयूव्हीला ३५ ते ४०. अर्धी बाटली एका गाडीत संपली तर रंगावर फक्त थोडंसं राहिलं, बाकीचं तुमच्या फडक्यात गेलं.

थांबायचं किती ते बाटली सांगते, पण बाटलीवरचा वेळ आपल्या हवेसाठी लिहिलेला नसतो. ‘१५ मिनिटं’ लिहिलं असेल आणि एप्रिलची कोरडी हवा असेल तर पाच मिनिटांत वाळतं, आणि जास्त वाळलं की काढताना खांदे दुखतात. बोट फिरवून बघा: रेघ स्वच्छ निघाली तर तयार, फरफटली तर अजून थांबा. उन्हाळ्यात एकेक पॅनल लावून लगेच काढा. हिवाळ्यात पूर्ण गाडी लावून मग काढायला परतलात तरी चालतं.

काढायला दोन फडकी, साधारण ३५० जीएसएमची (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबर. पहिलं साय उचलतं, दुसरं राहिलेली धूसर छटा घालवतं. दोनदा घडी घाला म्हणजे आठ बाजू मिळतात. बाजू भरली की पालटा. पुढच्या काचेला लावू नका, वायपर थरथरतो. हेडलाइटच्या प्लॅस्टिकला आणि धुतलेल्या मॅगव्हीलला मात्र जरूर लावा.

ओल्या गाडीवर मारून धुवायचे स्प्रे सीलंटही मिळतात. झटपट असतात, चार-सहा आठवडे टिकतात. पण खाऱ्या बोअरच्या पाण्यावर ते मारले तर सीलंट आणि क्षार एकत्रच वाळतात, म्हणून ते मऊ पाणी असलेल्यांनीच वापरावेत.

लावून झाल्यावर १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. दव म्हणजेही पाणी, त्यामुळे हिवाळ्यात ती रात्र गाडी छताखाली ठेवा. दुसरा हात बाटलीवर सांगितलेल्या अंतरानंतर मारावा. जाडी वाढावी म्हणून नाही, पहिल्या हातात सुटलेल्या जागा भराव्यात म्हणून. तिसऱ्या हाताला काही अर्थ नाही.

बिघडतं ते कुठे

उन्हात इंद्रधनुष्यासारखे तेलकट पट्टे दिसले तर सीलंट जास्त लागलंय किंवा पत्रा गरम होता. त्याच जागी नवं सीलंट थोडंसं लावून लगेच पुसा; ताज्या द्रावकानं जुना थर मऊ होतो आणि सपाट निघतो. दोन दिवस उलटून गेले असतील तर अल्कोहोलनं ती जागा पुसून पुन्हा लावा. काळ्या प्लॅस्टिकवरचा पांढरा डाग साध्या पेन्सिलीच्या खोडरबरानं निघतो.

दोन-तीन आठवड्यांतच पाणी चिकटायला लागलं तर दोष बहुधा बाटलीचा नसतो. खाली मेण, डिझेल किंवा टायर चकाकवायचं सिलिकॉन तेल राहिलेलं असतं. क्रम लक्षात ठेवा, सीलंटवर मेण चालतं, मेणावर सीलंट नाही. आणि पाणी चिकटतंय म्हणून लगेच सीलंट गेलं असंही समजू नका. धुळीचा थर बसला तरी तसंच दिसतं. आधी नीट शाम्पूनं धुवा, मग बघा.

नुकत्याच रंगवलेल्या पॅनलला किमान ६० दिवस काही लावू नका. गॅरेजच्या रंगातलं द्रावक हळूहळू बाहेर पडत असतं, वर झाकण घातलं तर रंग मऊ राहतो किंवा फुगतो. उलट बाजूनं, गाडीला डेंटिंग-पेंटिंग करायचंच असेल तर सीलंट थांबवा. सिलिकॉनच्या अंशावर नवा रंग धरत नाही, गोल गोल खळगे पडतात आणि पेंटर तुम्हाला शिव्या देतो. लावलेलं असेल तर त्याला आधी सांगा.

किती दिवसांनी

बाटलीवर सहा महिने किंवा वर्ष लिहिलेलं असतं. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मराठवाड्याच्या उन्हात तीन ते चार महिने धरून चाला. त्यातही टप आणि बोनेट आधी जातात, दरवाजे नंतर. म्हणून दर वेळी सगळी गाडी करायची गरज नाही; फेब्रुवारीअखेर पूर्ण गाडी, मेच्या शेवटी फक्त टप-बोनेट-डिकी, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा पूर्ण. समृद्धी महामार्गावर नियमित जात असाल तर समोरचा बंपर आणि आरसे त्यात धरा. ताशी १२० नं आपटलेले किडे दुसऱ्या दिवशीपर्यंत सुकून रंग धरतात. किडे असोत की पक्ष्याची विष्ठा, ओलं फडकं तीन मिनिटं ठेवायचं आणि उचलून घ्यायचं, घासायचं नाही. त्यासाठी एक स्प्रेची बाटली आणि दोन फडकी डिकीत असू द्या. सीलंटची बाटली मात्र डिकीत ठेवू नका, उन्हाळ्यात ती तिथे उकडून निघते. फडकी धुताना कम्फर्ट-सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसून फडकं पाणी टिपेनासं होतं. आणि गच्चीवर उघडी वाळवू नका, धूळ घेऊनच खाली येतात.

पावसाळ्यानंतरचं काम दसऱ्याच्या आधी दोन दिवस उरकलं तर बरं. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, नारळाचं पाणी, झेंडूचा रस, हे सगळं दिवसभर उन्हात राहतं आणि पांढऱ्या गाडीवर पिवळी छटा सोडतं. सीलंटवरून ते शाम्पूच्या एका हातात जातं. राहिलीच थोडी पिवळी झाक तर घासू नका, हळद उन्हानं दोन-चार दिवसांत आपोआप फिकी पडते. स्वस्तिक बोटानंच काढा, नाण्यानं किंवा काडीनं नको. आणि झेंडूची माळ ग्रीलला बांधायची ती दोऱ्यानं बांधा. बाजारातल्या माळा बऱ्याचदा तारेत ओवलेल्या असतात. गाडी धावली की तारेचं टोक बोनेटच्या कडेवर घासत राहतं आणि संध्याकाळपर्यंत प्रायमर दिसायला लागतो.